राबाचा काळा चौकोन

कोळवणहून पिरंगुटला कंपनीत जाताना तो चित्रकार मला दर उन्हाळ्यात वळणावर दिसायचा. वाऱ्यानं पडू नये म्हणून स्टँडला दगड बांधायचा आणि एकटाच डोंगर काढत बसायचा. डबासुद्धा रस्त्याकडं पाठ करून खायचा. वळवाचं आभाळ भरून आलं की आम्ही आडोसा शोधायचो, हा मात्र ढगांकडं बघत भराभर रंग कालवायचा.

पहिल्यांदा थांबलो तेव्हा त्याच्या चित्रात डोंगराच्या पायथ्याला एक काळा चौकोन दिसला. तो आमचाच राब होता. भाताचं रोप टाकण्याआधी आम्ही त्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचो.

"एवढ्या देखण्या चित्रात राख कशाला?" मी विचारलं.

"आहे ते काढतो," तो म्हणाला.

यंदा पुन्हा थांबलो. डोंगर तोच होता, ढगही तसेच, पण पायथ्याला नुसतं तारेचं कुंपण काढलेलं.

"यंदा काळं न्हाई काढलं?"

"यंदा तिथं कुणी राब भाजलाच नाही. चार दिवस वाट बघितली." त्यानं ब्रश खाली ठेवला. "या डोंगरापुढं माणूस दिसतच नाही हो. तो धूर दिसला की मला सोबत वाटायची. कोण होती ती माणसं? ओळखता तुम्ही?"

जमीन विकून आम्हाला सहा महिने झाले होते.

"न्हाई," मी म्हणालो आणि हेल्मेट घातलं.