न आलेला वास

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. लक्ष्मीबाई नगरमधलं ते एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, कारण त्यात एका निरपराध बाईला तुरुंगात पाठवायला मी जवळजवळ तयार झालो होतो.

तेव्हा मी दिल्लीत पोलीस उपनिरीक्षक होतो. जानेवारीतली सकाळ होती. नऊ वाजून गेले तरी धुकं हटलेलं नव्हतं. ठाण्यातला फोन वाजला. सरकारी क्वार्टरमधून एक पंजाबी बाई बोलत होत्या.

"नीचे वाले घर में आग लगी थी. माँजी जल गई हैं. और साहब, ये हादसा नहीं है. बहू को सब पता था."

ठाणेदारांनी पत्ता पाहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मराठी परिवार है. आप ही जाइए."

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मुलगा केंद्र सरकारच्या एका खात्यात साहाय्यक, त्याची विधवा आई आणि लग्नाला तीन वर्षं झालेली बायको. सासूबाईंना इस्पितळात नेलं होतं. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली होती. शेगडीची रबरी नळी टोकाशी फाटून निसटली होती. गॅसच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "थंडी में पुरानी रबर अपने आप भी फटती है, खींचो तो भी ऐसे ही फटती है." म्हणजे नळीवरून काहीच ठरत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंचा जबाब मात्र स्पष्ट होता. जिन्यात त्यांना गॅसचा उग्र वास आला. सून अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यांनी तिला विचारलं, "गैस की बू आ रही है, तुम्हारे यहाँ से तो नहीं?" ती म्हणाली, "नहीं तो, कुछ नहीं है." त्यानंतर दहा मिनिटांत भडका उडाला. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. सर्दीने त्यांचं नाक चोंदलेलं होतं. त्यांनी काडी ओढली.

शिवाय आदल्या संध्याकाळी घरात भांडण झालं होतं. दूध करपलं होतं. मुलाने मान खाली घालून सांगितलं, "आई तिला फार बोलली. तिनेही उलट उत्तर दिलं. पण साहेब, घरभर गॅस पसरला आणि हिला कळलं नाही, हे मला तरी पटत नाही."

मलाही पटलं नाही. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसल्या. तिचे दोन्ही हात पट्ट्यांत होते, कारण सासूबाईंच्या पेटत्या पदरावर तिनेच रजई टाकून ती हातांनी दाबली होती. मी त्याचाही उलटाच अर्थ लावला. घाबरल्यावर माणूस मागाहून असं करतो, असं मला वाटलं.

"जिन्यात वास आला, तुम्हाला घरात आला नाही?"

"नाही आला."

"दार उघडं होतं. तुम्ही चार वेळा आतबाहेर केलंत."

"हो. तरी नाही आला."

"ताई, खोटं बोलून सुटका होत नसते."

मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. तिचे डोळे भरून आले, पण उत्तर बदललं नाही. तासभर हेच चाललं. माझा समज पक्का होत गेला की बाई निगरगट्ट आहे.

त्या खोलीत रेकॉर्डच्या कपाटामागे उंदीर मरून पडला होता. सफाईवाला आला नव्हता. दुर्गंधी एवढी होती, की मी आणि हवालदारबाई रुमाल लावून बसलो होतो. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "खिडकी उघडा, इथे श्वास घेणं मुश्किल झालंय." तिने वर पाहिलं आणि लगबगीने पदर नाकाला लावला. नुसता लावला. नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. आणि तिची नजर आमच्या रुमालांवर होती. दुसरे काय करतात ते पाहून ती तसं करत होती.

मी रुमाल खाली घेतला.

"ताई, या खोलीत कसला वास येतोय?"

तिने खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाली, "फिनेलचा?"

खोलीत फिनेल नव्हतंच. मी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला वास येतच नाही का?"

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. लग्नाआधी दीड वर्ष ती भावाच्या स्कूटरवरून पडली होती. डोक्याला मागून मार बसला. महिन्याभरात बरी झाली, पण वास गेला तो गेलाच. आई म्हणाली, कुठे बोलू नकोस, स्थळं यायची थांबतील. ती बोलली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. घड्याळ पाहून फोडणी काढायची, रंगावरून भाजणी ओळखायची. कोणी वासाबद्दल विचारलं की समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर द्यायचं.

"वरच्या भाभींनी विचारलं, तेव्हा सवयीने नाही म्हटलं, साहेब. आत जाऊन शेगडी बघायला हवी होती. आईंचे हात माझ्यामुळे भाजले."

ही कहाणी खरी की वकिलाने पढवलेली, हे मला ठरवता येत नव्हतं. ज्याला येतं त्याच्याकडे मी गेलो. सरकारी इस्पितळातले कान-नाक-घशाचे एक वयस्क डॉक्टर शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "उसे ले आइए."

त्यांनी तिचे डोळे बांधले आणि एकेक बाटली नाकाशी धरली. लवंग, कॉफी, हिंग, रॉकेल. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "काही नाही." माझा संशय वाढत होता. काही नाही म्हणायला काय लागतं? मग डॉक्टरांनी अमोनियाची बाटली उघडली. ती झटकन मागे सरली. डोळ्यांतून पाणी आलं.

"झोंबलं काहीतरी! मिरचीसारखं. पण वास नाही."

डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं. वासाच्या नसांचे बारीक धागे नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटू शकतात. झोंबणं मात्र वेगळ्या नसेवाटे कळतं. ढोंग करणाऱ्याला हे माहीत नसतं. तो अमोनियालाही काही नाही म्हणतो आणि सापडतो. "और गैस की अपनी कोई बू नहीं होती," ते म्हणाले. "बू तो मिलाई जाती है, ताकि लोग सावधान हो जाएँ. इस बेचारी के लिए वो मिलाई ही नहीं गई."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. तिच्या गावच्या पोलिसांना पत्र लिहिलं. अपघाताचं डिस्चार्ज कार्ड आलं, भावाचा जबाब आला. नळीच्या टोकाला जुन्या, वाळलेल्या चिरा असल्याचा प्रयोगशाळेचा अहवालही आला. अपघात म्हणून अंतिम अहवाल कोर्टात गेला.

सासूबाई वाचल्या. इस्पितळात मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा सून पायथ्याशी उभी होती. सासूबाईंनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी तुझ्यासाठी लोणी कढवलं. त्या तुपाचा वास तुला एकदाही आला नाही?"

"नाही, आई."

"मग रोज 'छान झालंय' असं का म्हणायचीस?"

"तुम्ही विचारायचात म्हणून."

सासूबाईंनी भाजलेला हात चादरीबाहेर काढला. तो धरता येण्यासारखा नव्हता, म्हणून सुनेने आपला पट्टीतला हात त्याच्या शेजारी ठेवला. मी बाहेर आलो.

तपासात आम्ही माणसाने काय केलं ते शोधतो. त्याच्यापाशी काय नाही, हे शोधायची सवय आम्हाला कोणी लावत नाही. मला जे सहज कळतं ते समोरच्यालाही कळलंच असणार, असं धरून मी एक तास त्या बाईवर ओरडलो. पुढच्या वीस वर्षांत मी अनेकांचे जबाब घेतले. "तुला कळलं कसं नाही?" हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. "तुला काय कळलं ते सांग," एवढंच म्हणायचो, आणि मग ऐकत बसायचो.