पाण्यात ठेवलेला बाळकृष्ण

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्यात श्रद्धा वगैरे काही उरली नव्हती, उरला होता तो हट्ट. कार्डिफच्या आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मी माहेराहून आलेला रांगता बाळकृष्ण स्टीलच्या पातेल्यात पाण्यात ठेवला होता. आई असंच करायची. घरावर संकट आलं की देव पाण्यात, आणि गाऱ्हाणं ऐकलं जाईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. माझं गाऱ्हाणं सुदानमधल्या अकरा पोरक्या मुलांचं होतं.

यांच्या हॉस्पिटलमधल्या एका सुदानी डॉक्टरांची बहीण सलमा तिकडे युद्धात आईबाप गेलेल्या मुलांना सांभाळते. शाळा बंद पडलेल्या. मी इथल्या शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेली, घरी बसून जीव कंटाळलेला. दर शनिवारी सकाळी सलमाच्या फोनपुढे मुलं दाटीवाटीने बसायची आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवायचे. अमल नावाची मुलगी सगळ्यांच्या पुढे. उत्तर येवो न येवो, हात पहिला हिचा वर. मी तिला वर्गात रागवायचे आणि मग दिवसभर तिची नक्कल करून यांना हसवायचे.

एका शनिवारी फोन लागला नाही. पुढच्याही नाही. लढाई त्यांच्या गावापर्यंत आली एवढंच डॉक्टरांना कळलं होतं, बहिणीचा पत्ता त्यांनाही लागत नव्हता. तरी मी दर शनिवारी लॅपटॉप उघडून बसायचे, आणि पडद्यावर फक्त माझाच चेहरा दिसायचा. एरवी पातेल्यातलं पाणी बदलायचं आणि बाळकृष्णाला नाही नाही ते बोलायचं, एवढाच उद्योग. यांनी एकदा धीर करून म्हटलं, "अगं, काढ आता त्याला. इथल्या थंडीत न्यूमोनिया होईल बिचाऱ्याला." एरवी मी हसले असते. त्या दिवशी अंगावर धावून गेले. "मुलं सापडेपर्यंत नाही. बसू दे तसाच." देवाला ओलीस ठेवलं होतं मी, दुसरं काय! आणि तो मुकाट बसला होता. या घरात देव नाहीच, नुसतं पितळ आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि त्या वाटण्याने मी पार खचून गेले.

मग एका सकाळी परदेशी अनोळखी नंबरवरून फोन आला. असले फोन मी कधीच घेत नाही. त्या दिवशी कणकेच्या हातांनी तो का उचलला, हे मला सांगता येणार नाही. पलीकडे सलमा होती. मुलांना घेऊन ती सीमेपलीकडच्या छावणीत पोचली होती. तिचा फोन वाटेत लुटला गेला होता. तिथे रस्त्यावर चहा विकणाऱ्या एका बाईने, ओळख ना पाळख, स्वतःचा फोन तिच्या हातात दिला होता. माझा नंबर मुलांना पाठ होता, कारण मोठ्या संख्या वाचायला शिकवताना मी तोच फळ्यावर लिहिला होता.

मी आधी विचारलं, "अमल?"

सलमा म्हणाली, "टीचर, वाटेत ताप आला तिला. आणखी दोघांनाही. मेडिसिन नव्हतं. आता आठच आहेत माझ्याजवळ."

मी तिथेच खाली बसले. रडूही येईना. पलीकडे एक मुलगा तिला सारखं काहीतरी विचारत होता. तो काय म्हणतोय, मी विचारलं.

"तो विचारतोय, तुमच्या घरची माणसं जिवंत आहेत ना? इतके दिवस तुमचा आवाज नाही. आवाज बंद झालेली माणसं परत येत नाहीत, एवढं या मुलांना कळतं. रोज संध्याकाळी तुमच्यासाठी प्रार्थना करतात ती. अमलही करायची."

त्या दुपारी मी बाळकृष्णाला बाहेर काढलं, पुसलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मागणं पुरं झालं म्हणून नव्हे, ते पुरं झालंच नाही. अमल का गेली हे मला आजही उमगत नाही, आणि ते दुःख कमी झालेलं नाही. पण मी इथे उबदार घरात देवाला धमकावत होते, तेव्हा ती उपाशी लेकरं त्याच्यापुढे माझं नाव घेत होती. मी समजत होते, मी त्यांना सांभाळतेय. "तुझी इच्छा" हे शब्द मी जन्मभर हात जोडून म्हटले, पण मनातली मूठ उघडली ती त्या दिवशी. चहावाल्या बाईचं नावही मला ठाऊक नाही. देवापुढे दिवा लावला की तिला नमस्कार करते.

आता शनिवारचा वर्ग त्या चहावाल्या बाईच्याच फोनवर भरतो. हजेरी माझ्याने घेववत नाही, ती मुलंच घेतात. "टीचर, तुमच्याकडचे सगळे आहेत?" मी मागे वळून हे दिसतात का बघते, आणि म्हणते, "आहेत." मग आम्ही अपूर्णांक सुरू करतो.