सही आधी, केबल नंतर

बारा वर्षं मी आर्मीच्या सिग्नल युनिटमध्ये डिस्पॅच रायडर होतो. पहिली दोन पोस्टिंग मैदानात गेली, तिसरी डोंगरात. जिथं वायरलेस पोचत नाही तिथं कागद आणि हुकूम मोटरसायकलवरून पोचवायचे, एवढंच काम. आम्हाला डीआर म्हणायचे. शेवटची चार वर्षं सेक्शनच्या सहा गाड्या माझ्या ताब्यात होत्या. रिटायर झालो हवालदार म्हणून. आता सास्तूरला असतो, शेती करतो, आणि लोकांच्या गाड्या बघून रोज स्वतःचं डोकं फिरवून घेतो.

परवा माझी पुतणी रेखा नवीन मोटरसायकल घेऊन दारात आली. तिला नर्सची नोकरी लागलीय, आठ गावं फिरायची आहेत. स्कूटी घेतली नाही, मोटरसायकल घेतली, हे शहाणपण. रस्ते कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. हेडलाइटवर हार, इतका मोठा की उजेड पडायला जागा नाही. सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच, म्हणजे ब्रेक मारला की बसणारा घसरत टाकीवर. हेल्मेट तिच्या कोपरात अडकवलेलं. स्कार्फचं टोक पाठीमागं दोन हात लोंबतंय, चेनकडं तोंड करून. आणि दोन्ही आरसे गायब.

"आरसे कुठं गेले?"

"काढून कपाटात ठिवलेत," माझा धाकटा भाऊ बापू म्हणाला. "नवीन हायत. फुटतील."

"मग गाडी पण कपाटातच ठेव की!"

बापूला राग आला. येऊ दे. आपल्या जिल्ह्यात गाडी घेतली की पहिलं काम आरसे काढायचे, हे कुणी शिकवलं देव जाणे. मागून उसाची ट्रॉली येतेय का बस, हे मान वळवून बघणार, आणि तेवढ्यात पुढं रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असणार. सोयाबीनवर ब्रेक मारला की गाडी आडवी झालीच. तिथं आधीच वेग कमी करायचा, हँडल सरळ ठेवायचं, आणि पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. वावरातून ट्रॅक्टर डांबरीवर चढतो तिथं काळ्या मातीचा चिखल पडतो. तिथंही तेच. हे लायसन्सच्या परीक्षेत कुणी विचारत नाही.

नवीन माणसानं गाडी घेताना दोन गोष्टी बघाव्यात. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. आणि पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे. एवढं जमत नसेल तर ती गाडी तुमची नाही, मग शेजाऱ्यानं कितीही मोठी घेतलेली असो. शिकायला शंभर-सव्वाशे सीसी लई झाली. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे. पट्टा लावला नाही तर ते हेल्मेट नव्हे, टोपलं. "घाम येतो" म्हणे. अरे बाबांनो, धाराशिवच्या उन्हात घाम येणारच, हेल्मेट घाला न घाला! पायात घोटा झाकणारा बूट पाहिजे. चप्पल घालून गिअर टाकणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याचा अंगठा एक दिवस घालेल.

रेखा हुशार आहे. तिनं स्कार्फ जॅकेटात खोचला, बापूकडून आरसे मागवले, प्लास्टिक स्वतः फाडलं. बापूचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी तिला फर्स्ट परेड सांगितली.

आर्मीत गाडी सकाळी चालू करण्याआधी तिची परेड होते. फर्स्ट परेड. पंधरा मिनिटं. टायर थंड असताना हवा बघायची. चेन बोटानं वर-खाली करून बघायची, चाक फिरवून चार जागी, कारण चेन सगळीकडं सारखी सैल नसते. इंजिन ऑइल, लाइट, हॉर्न. ब्रेक आणि क्लचच्या केबल लिव्हरपाशी नीट बघायच्या. केबल बारीक तारांची असते, आणि लिव्हरमध्ये जिथं तिची गुंडी बसते तिथंच त्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून काही कळत नाही. लिव्हर दाबून, वाकून बघावं लागतं. संध्याकाळी गाडी परत आली की लास्ट परेड. दिवसभरात काय बिघडलं ते सांगायचं. सगळं लॉगबुकात लिहायचं आणि सही करायची.

"काका, रोज पंधरा मिनिटं?" रेखा म्हणाली. "शोरूमवाला म्हणला, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत कशाला हात लावायचं काम न्हाय."

"शोरूमवाला तुझ्या मागं बसून येणार हाय का?"

ती हसली. हसण्यावारी नेलं हे माझ्या लक्षात आलं. म्हणून तिला महादेवचं सांगितलं. इथंही तेच सांगतो.

नाईक महादेव भूम तालुक्यातल्या ईटचा. नाईक हा हुद्दा, आडनाव नव्हे. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमचं जमायचं. सेक्शनमधला सगळ्यात चांगला रायडर तोच. चांगला म्हणजे जोरात नव्हे. त्याच्या गाडीच्या टाकीवर कधी ओरखडा दिसला नाही.

त्या डोंगरातल्या पोस्टवर थंडी अशी की सकाळी पेनातली शाई गोठायची. पेन काखेत धरून गरम करावं लागायचं. म्हणून आम्ही एक अक्कल काढली. अक्कल कसली, गाढवपणा! उद्याच्या फर्स्ट परेडच्या सह्या आजच संध्याकाळी करून ठेवायच्या. परेड सकाळी होणारच आहे, मग सही आधी केली काय आणि नंतर केली काय. इन्चार्ज म्हणून सही माझी असायची.

त्या संध्याकाळी सव्वापाचला महादेवनं लास्ट परेडला सांगितलं, "हवालदारसाहेब, पुढच्या ब्रेकच्या दोन तारा तुटल्यात. केबल बदलाय लागती."

"सकाळी पहिलं तेच काम," मी म्हणालो. नवीन केबल माझ्याच टूलबॅगमध्ये होती. ती जरा बाजूला ठेवली आणि उद्याच्या रकान्यात सही केली. ब्रेक ओके.

सकाळी ०५४० ला सुभेदारसाहेब गॅरेजमध्ये आले. रात्री नाल्यावरचा पूल खचला होता. एका कडेनं मोटरसायकल जाईल एवढी जागा उरली होती, ट्रक गेला असता तर सरळ खाली. वरच्या घाटातून आपल्या नऊ गाड्यांचा कॉन्व्हॉय ०५०० ला निघाला होता. धुकं होतं. कॉन्व्हॉयच्या वायरलेस सेटशी संपर्क होत नव्हता.

"एक डीआर. आत्ता," साहेब म्हणाले. "पुलाच्या वरच थांबवायचं."

ड्यूटी महादेवची होती. त्यानं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, किक मारली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "केबल?"

केबल बदलायला दहा मिनिटं लागतात. नुसतं तोंड उघडून दुसरी गाडी दे म्हणायला एक सेकंद. शेजारी पाच गाड्या उभ्या होत्या. पण साहेब समोर उभे, लॉगबुक त्यांच्या हातात, आणि त्यात माझी सही. काल संध्याकाळी केलेली. मी म्हणालो, "सही झालीय. नीघ."

तो निघाला. ०५४८.

०७०५ ला वरच्या पोस्टमार्फत निरोप आला. "कॉन्व्हॉय थांबला. डीआर पोचला. ओव्हर." गॅरेजमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. सुभेदारसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चहा आला. मी पण प्यालो.

कॉन्व्हॉय कमांडरनं त्याला सांगितलं होतं, थांब, पूल दुरुस्त झाला की गाडी ट्रकमध्ये टाकून जाऊ. तो म्हणाला, खाली साहेब लेखी उत्तराची वाट बघत असतील. ०७४० ला तो परत निघाला. आता सगळा उतार होता. काम झालं होतं, कसलीही घाई नव्हती. ०९२५ ला रस्ता तपासत येणाऱ्या रोड ओपनिंग पार्टीला तो तिसऱ्या वळणाखाली सापडला. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला. पुढच्या ब्रेकची केबल लिव्हरपाशी तुटलेली. मागच्या ब्रेकची घासलेली खूण रस्त्यावर लांबपर्यंत होती. तो थांबवायचा प्रयत्न करत होता.

दुपारी पहिलं स्टेटमेंट झालं. "फर्स्ट परेड केली होती?" मला विचारलं. लॉगबुक टेबलावर होतं. मी म्हणालो, "यस सर."

बाहेर आल्यावर क्लार्क माझ्या कानाशी आला. "गप राहा. केबल पडतानाही तुटू शकते. नायब सुभेदारच्या बढतीसाठी तुझं नाव वर गेलंय." आणि दोन दिवसात युनिटमध्ये सगळे बोलायला लागले की महादेव उतारावर जोरात होता. साहजिक आहे. ब्रेक ओके होता ना, तशी सही आहे. मग चूक कुणाची? जो बोलायला उरला नाही त्याची.

एकाच जिल्ह्याचा म्हणून त्याच्याबरोबर ईटला मला पाठवलं. गावात ती बातमी माझ्याआधी पोचली होती. सगळं झाल्यावर माणसं पारावर बसली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "गाडी लई जोरात पळवत होता म्हणं." दुसरा म्हणाला, "आजकालची पोरं, ऐकत्यात का कुणाचं."

महादेवचे वडील समोर बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी ते ऐकलं. मला घरामागं गोठ्यात घेऊन गेले.

"हवालदारसाहेब, तुमी संगं होता. खरं सांगा. माझा ल्योक जोरात पळवत होता का?"

नाही म्हणालो असतो आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी त्यांचं समाधान झालं असतं. पण मी सगळं सांगितलं. केबलचं, शाईचं, सहीचं, त्यानं विचारलं तेही. अण्णा गोठ्याच्या मेढीला धरून उभे होते. मला वाटलं आता हात उगारतील. उगारला असता तर बरं वाटलं असतं.

"न बदलता सही केली?"

"व्हय, अण्णा."

"त्यानं इचारल्यावर बी?"

"व्हय."

त्यांनी मेढ सोडली. मग म्हणाले, "हे मला एकट्याला सांगून काय उपयोग? ती तिकडं पारावर त्याला नावं ठिवाय लागलीत. तिकडं चला."

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी स्टेटमेंट बदललं. रेड इंक एन्ट्री मिळाली, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईचा शेरा. नायब सुभेदारचं नाव परत आलं, आणि ते योग्यच झालं. त्या तीन ऑफिसरांसमोर सावधान उभं राहून बोलणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते ईटच्या पारावर. साठ-सत्तर माणसं होती. अण्णांनी माझा दंड धरून मला मधोमध उभं केलं.

मी म्हणालो, "गाडीचा ब्रेक खराब होता. केबल बदलायचं काम माझं होतं. मी न बदलता सही केली. महादेव जोरात नव्हता."

अण्णा माझा दंड सोडत नव्हते.

"मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय," ते म्हणाले. "परत सांगा."

मी परत सांगितलं, मोठ्यानं. तेव्हापासून सांगतोच आहे. कुणी गाडी घेतली की सांगतो, ऐको न ऐको. नाईक महादेव, डिस्पॅच रायडर, राहणार ईट, तालुका भूम. त्यानं कॉन्व्हॉय थांबवला. हेल्मेटचा पट्टा लावलेला होता. तो जोरात नव्हता.