ड्रिलवरचं कुंकू

डॉ. दिगंबरराव बिलोलीकर सरांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. त्यांनी माझ्या हातात एक सोनेरी ड्रिल ठेवलं. मी त्याच्या रंगाविषयीच बोलत राहिले. सर म्हणाले, "रंगावर लग्नं ठरतात, बाई. ड्रिलला आधी पोलादात उतरू द्या."

सरांची हयात संक्रमण धातूंच्या नायट्राइडांत गेली. टायटॅनियम किंवा क्रोमियमचा नायट्रोजनशी संयोग झाला, की चिनीमातीसारखा कठीण, तरी धातूसारखी वीज वाहणारा पदार्थ मिळतो. त्याचा केसाहून पातळ थर, टायटॅनियमचा तर सोनेरी, दिला, तर हत्याराची धार कितीतरी जास्त टिकते. हा थर हैदराबादच्या लहान कारखान्यांनाही परवडावा, हा सरांचा ध्यास.

प्रयोगशाळेच्या पुनर्रचनेच्या वर्षांत आमचा विभाग दुसऱ्या शहरात हलवायचं घाटत होतं. माझी मुलगी नारायणगुड्याच्या शाळेत नुकती रुळलेली, सासूबाई चिक्कडपल्लीच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या. हे ठरवणारी समिती पाहणीला येणार म्हणून आम्ही भट्टीत थर चढवून खास ड्रिलं तयार केली.

त्या सकाळी सरांनी त्यातलं एक वर्कशॉपात चालवून पाहिलं. टोकाजवळ टिकलीएवढा थर सुटला.

"इथे बोट कुणाचं लागलं?" सरांनी विचारलं.

आमचे सहकारी श्रीनिवास खाली बघत म्हणाले, "भट्टीत ठेवण्याआधी कुंकू लावलं होतं, सर. चांगलं व्हावं म्हणून. पुसलं पण."

"सगळ्यांना?"

"एकालाही सोडलं नाही, सर."

पुसल्यावरही उरलेल्या तेलकट डागावर थर धरत नाही. सर हसले. "नक्को रे बाबा. पूजेआधी आंघोळ करतात, नंतर नाही."

समितीला आधीची, कुंकू न लागलेली ड्रिलं दाखवू या, असं मी सुचवलं. सरांनी दोन्ही दाखवली आणि कुंकवासकट सगळं सांगितलं. बोट लागलं तिथेच थर सुटला होता. बाकी धार शाबूत होती. समितीच्या अध्यक्षांनी थर सुटलेलं ते ड्रिल बराच वेळ हातात फिरवलं.

विभाग इथेच राहिला. तो खरेपणामुळेच राहिला, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण काही झाकलं असतं, तर सुटकेचा निःश्वास इतका मोकळा नसता. निर्णय झाला त्या संध्याकाळी सर स्वतः चिक्कडपल्लीला आले. सासूबाईंच्या खाटेजवळ बसून म्हणाले, "आक्का, सून कुठं जात नाही." मलाही ते तेव्हाच कळलं.

आता कुंकू भट्टीच्या दाराला लागतं; आत हातमोजे. पंच्याहत्तरीच्या समारंभात सरांना टिळा लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. "आधी कपाळ नीट पुसून घ्या," असं ते म्हणतीलच. पुसून घेऊ, सर. तुमची प्रकृती अशीच खणखणीत राहो, आणि शंभरीलाही तुम्ही आम्हाला हात धुऊन यायला सांगा.