मावशीचं पॉलिश

मावशीच्या उजव्या डोळ्याला काही दिसत नाही, हे घड्याळांच्या त्या नव्या कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं. मी तिची भाची, शेजारच्या टेबलावर बसणारी. कोणाला कळेल, या धास्तीने रोज कामावर जायचे. तीस वर्षं मावशीने, आधी दुसरीकडे आणि आता इथे, इवल्याशा पोलादी स्क्रूंच्या डोक्यांना पॉलिश केलं. आता डावा डोळाही धूसर झाला होता, पण या कामाला तिला डोळे लागतच नसत. घासता घासता स्क्रूचं डोकं आरशासारखं सपाट होऊन खालच्या जस्ताच्या पत्र्याला चिकटू लागलं, की ती थांबायची. "झालं बघ," म्हणायची. आणि झालेलं असायचं.

पहिलं घड्याळ बघायला तीन संग्राहक आले. एकाला काटे लांबुडके वाटले, दुसऱ्याला तबकडी ओकीबोकी. अर्धा तास दोघांनी एकमेकांचं डोकं खाल्लं. तिसऱ्या, मिशीवाल्याने मात्र मागचं झाकण उघडायला लावलं आणि आतलं काम भिंगाखाली धरलं.

"कुठे बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे मशीनचं. हाताने इतकं होत नाही."

मालकांचा चेहरा पडला. सगळं हातकाम, असं त्यांनी गावभर सांगितलेलं. त्यांनी मावशीला बोलावलं. मीही तिच्या मागोमाग गेले.

मावशीने सगळ्यांसमोर एक स्क्रू घासला. थांबली. मिशीवाल्याने तो बघितला आणि चक्क हात जोडले. मी जरा कुठे श्वास सोडते, तोच त्याने कौतुकाने आपलं भिंग तिच्यापुढे धरलं. "हा स्क्रू आणि घड्याळातला. जास्त चांगला कुठला, तुम्हीच सांगा."

मावशीने भिंग डोळ्याला लावलं. "घड्याळातला म्हण," मी मागून कुजबुजले. पण खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नाही.

"मला दिसत नाही हो," ती म्हणाली. "उजव्याने काहीच नाही. डाव्याने तुम्ही तिघं आहात, एवढं कळतं."

मिशीवाल्याने घड्याळ पुन्हा उचललं. या वेळी बराच वेळ बघितलं.

"इथे ओरखडा वाटतोय."

बाकीच्या दोघांनाही तो लगेच दिसला.

"मघाशी होता का?" मावशीने विचारलं.

मिशीवाल्याने घड्याळाचं झाकण लावलं. मालक माझ्याकडे वळले. "उद्यापासून यांच्या जागेवर तू बसशील ना?"

ओरखडा नव्हता. ते घड्याळ मी सकाळीच तपासलं होतं. मावशी माझ्या दिशेने तोंड करून, मी काय म्हणते ते ऐकत उभी होती. मला इतकी भीती वाटली, की मी हो म्हणून गेले.