अव्वाच्या मानेमागचा हात

परदेशातल्या एका नृत्यमहोत्सवाच्या माहितीपत्रकात माझ्याविषयी छापलं होतं की मी भूकंप, दुष्काळ आणि पुरुषसत्ता यांच्या ढिगाऱ्यातून उमललेली कलावंत आहे. भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. टँकरच्या रांगेत मी उभी राहिले आहे हे खरं, पण त्या रांगेत अख्खं लातूर उभं होतं आणि बाकी कोणी त्यातून उमललं नाही. पुरुषसत्ता आमच्या घरात अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे असायला हवी होती. पण गंजगोलाईत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि साड्यांच्या घड्या मोडून दाखवत बायकांची मनधरणी करण्यात त्यांचा जन्म गेला.

मी बॅले नाचते, आणि अलीकडे स्वतःचे नाच रचतेही. लातुरात हे सांगायची पंचाईत असते, कारण आमच्या शहरात मूल जन्मतःच अकरावी सायन्सला असतं. मी त्या वाटेवरून उतरले तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, "पोटाला पुरंल का त्यानं?"

"माहीत नाही."

"मग नीट शिकून घे. अर्धवट शिकलेल्याला न्हाईच पुरत."

आधी बंगळूर, मग काही वर्षं युरोप. आता पुण्यात माझा छोटासा संच आहे.

मुलाखत घेणारे लोक आवाज खाली आणून ज्याला 'ट्रॉमा' म्हणतात, तो असा.

मी लहान होते, तिसरी-चौथीत, तेव्हा आई गेली. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीरकडचं, तिकडे घराघरात कानडी ये-जा करते. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, नवं नेसवून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. नेतात तेही बसलेलं, आणि मातीत ठेवतात तेही बसलेलंच. मान पडू नये म्हणून डोक्याला कापड गुंडाळून ते मागच्या खुंटीला नाहीतर खिडकीच्या गजाला बांधतात. त्या दिवशी एका चुलत्यांनी कापड आणलं. आमच्याकडे कापडाला काय तोटा.

अप्पा म्हणाले, "बांधायचं न्हाई."

"अरे, उदगीरची माणसं यायला दुपार व्हईल. तवर काय?"

"मी धरतो."

आणि त्यांनी धरली. अव्वाच्या शेजारी भिंतीला खेटून बसले आणि डोक्यावरच्या पदराआडून तिच्या मानेमागे हात लावला. माणसं येत होती, पाया पडत होती, बाहेर ओसरीवर भजन चाललं होतं. समोरून बघणाऱ्याला अव्वा आपणहून ताठ बसलीय असंच वाटावं. मी दुसऱ्या बाजूला होते, त्यामुळे मला हात दिसत होता. दुपारच्या सुमारास अप्पांनी हात बदलला, आणि त्या एवढ्याशा वेळात अव्वाची मान माझ्या बाजूला कलली. त्यांनी लगेच सावरली. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

घडलं ते एवढंच. यात ढिगारा कुठेच नाही. पण पुढे माझ्या मानेमागे कोणाचाही हात आला की माझं अंग लाकूड व्हायचं. वेणी मी स्वतःच घालायला शिकले. बॅलेत मात्र हे चालत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून शिक्षक मानेच्या मुळाशी दोन बोटं ठेवून म्हणतात, वर, अजून वर. जोडीनं नाचायचं तर दुसऱ्याच्या हातांवर अख्खा देह सोपवावा लागतो, आणि माझा देह ऐन वेळी कपाट व्हायचा. चांगल्या भूमिका माझ्या हातून अशाच गेल्या. शेवटी एका दिग्दर्शिकेनं स्वच्छ सांगितलं, तू उत्तम नाचतेस, पण एकटी नाच.

'टेकू' हा नाच मी त्या अपमानावर रचला. त्यात मी बसलेली असते आणि माझा सहकारी मागे उभा, त्याचा हात माझ्या मानेमागे. तो हात काढतो, माझी मान पडते. तो झेपावतो, सावरतो. पुन्हा काढतो, पुन्हा पडते. आणि पडण्याच्या प्रत्येक तऱ्हेतून एक नाच निघतो. त्याचा हात खरं तर मला कधीच लागत नसे. मला सोसत नाही म्हणून आम्ही बोटभर फट ठेवली होती. समीक्षकांनी तिला 'अंतराचं सौंदर्य' म्हटलं. मी दुरुस्ती केली नाही. आयतं मिळालेलं सौंदर्य कोण परत करतं?

मग नांदेडहून बोलावणं आलं, आणि लागून लातूरचंही. नांदेडला निवेदकानं मला 'पाश्चात्त्य नृत्याची मराठवाडी सम्राज्ञी' म्हणून पुकारलं. सम्राज्ञीला बसायला प्लास्टिकची खुर्ची होती. नाच मात्र छान झाला. नांदेडात राहणारी माझी आत्या समोर बसून डोळे पुसत होती, आणि डोळे पुसून झाल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती लातूरला फोन.

दोन दिवसांनी मी लातूरला पोचले, ती पिशवी खांद्यावर घेऊन थेट दुकानात. अप्पा रेणापूरच्या एका बाईंना आहेराच्या साड्या दाखवत होते.

"रंग जाईल का ओ मामा?"

"जात न्हाई माय. गेला तर आणून माझ्या तोंडावर टाक."

"मागल्या बारीलाबी हेच म्हणला होता."

"मग टाकलीस का आणून?"

"न्हाई."

"मग!" म्हणून त्यांनी पुढची घडी मोडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझी आत्या सांगत हुती, तू अव्वाचं काहीतरी केलंस म्हणं."

"हो अप्पा."

"बसलेली दाखवलीस?"

"हो."

"दाखव. लपवण्यासारखं काय हाय त्यात." त्यांनी साडीचा काठ हातानं सारखा केला. "मान पडलेली दाखवलीस म्हणं."

रेणापूरच्या बाई साड्या सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

"दिवसभर धरून काय बसलो मग मी?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं विचारत होते. मी माझ्या धंद्याची बाजू मांडली. "अप्पा, मान पडल्याशिवाय कोणी धरली होती हे लोकांना कळत नाही."

"लोकांना कळावं म्हणून धरली न्हवती, माय." मग बाईंना म्हणाले, "ही मोरपंखी घे. सूनबाईला खुलंल."

मी जगात बऱ्याच ठिकाणी कलेविषयीच्या चर्चांना बसले आहे. तिथे उत्तर द्यायला मला कधी अडचण आली नाही. दुकानातून मात्र मी खांद्यावरची पिशवी सावरत बाहेर पडले. मान पडते त्यावरच सगळा नाच उभा होता. ती काढली तर उरतं काय? आणि ठेवली, तर प्रेक्षकांत बसून अप्पांनी ती माझ्या हातून पुन्हा पुन्हा पडताना बघायची. कार्यक्रम परवावर आला होता.

तालमीला आम्हाला एक मंगल कार्यालय दिलं होतं. आदल्या लग्नाचे फुगे अजून छताला होते. मी सगळ्यांना सांगितलं की नाच बदलतोय. मी मागे उभी राहणार, आणि माझ्या जागी आमच्या संचातली बिलोलीची मुलगी बसणार. ती उंच उडी घेते तेव्हा खाली यायचं विसरून जाते, अशी नाचणारी. ती म्हणाली, "ताई, म्हणजे मी काय करायचं?"

"बसायचं. मान माझ्या हातावर सोडून द्यायची."

"आन् मग?"

"मग काही नाही."

"घरी काय सांगू? इतकी वर्षं शिकले आन् आता बसायला लावलंय?"

सगळे हसले, मीही. मग ती बसली, मान सैल सोडली, आणि मी हात पुढे केला. फट ठेवून चालणार नव्हतं, कारण या वेळी मान खरोखर माझ्यावर होती. हात लावला. अंगाचं लाकूड होईल याची मी वाट पाहत होते. पण तिची मान गरम होती, घामानं ओली होती, आणि तिथली एक शीर टकटक उडत होती. एवढा साधा फरक इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आला नव्हता.

लातूरचा कार्यक्रम रीतसर उशिरा सुरू झाला. समई वरच्या पंख्यामुळे विझत होती आणि मान्यवर ती मोठ्या जिद्दीनं लावत होते. प्रमुख पाहुण्यांनी कला या मातीतच आहे असं सांगितलं आणि पुढच्या कार्यक्रमाचं कारण देऊन नाच सुरू व्हायच्या आत ते गेले. त्यांच्याबरोबर पुढच्या सोफ्यांवरची सगळी मंडळी उठली. मी विंगेतून बघत होते. नांदेडहून खास आलेली आत्या अप्पांचा दंड ओढत होती. "चल की रं पुढं. रिकामे पडलेत सोफे." अप्पा नको नको म्हणत पुढे आले आणि टोकावर टेकले, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं या बेतानं.

नाचात बाकीचे सगळे आमच्याभोवती नाचत होते. येत होते, वाकत होते, जात होते. ती मुलगी बसली होती आणि मी मागे उभी राहून तिच्या मानेमागे हात धरला होता. बॅलेत आम्हाला सर्वांत आधी शिकवतात ते कष्ट लपवायला. बोटांतून रक्त येत असलं तरी चेहऱ्यावर वसंत हवा. त्या संध्याकाळी मी काही लपवलं नाही. थोड्या वेळानं दंड कापायला लागला. मग खांदा. मी कापू दिला. मागच्या रांगांतून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "हात बघ तिचा, हात," आणि मग चिवड्याच्या पुड्यांचा आवाजही थांबला. मान शेवटपर्यंत पडली नाही. हात तिथेच असताना दिवे गेले.

टाळ्या यायला वेळ लागला, कारण नाच संपला हे पुष्कळांना कळलंच नव्हतं. तो वेळ मला अजून पुरतो आहे. 'टेकू' मी याआधी बऱ्याच मोठ्या रंगमंचांवर केला, पण तो पुरा झाला लातुरात.

मग अर्थातच सत्कार. अप्पांना वर बोलावून शाल पांघरली. त्यांनी सवयीनं तिचा काठ अंगठा आणि बोटामध्ये चोळून पाहिला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शाल कशी होती हे मला त्यावरूनच समजलं. निवेदकानं माइक त्यांच्या हातात दिला. "या विश्वविख्यात कन्येच्या जन्मदात्यानं दोन शब्द बोलावेत."

अप्पांनी माइककडे पाहिलं. "काय बोलू? ती नाचली. तुमी बघितलं." आणि माइक परत केला. त्या संध्याकाळचं तेवढं एकच भाषण मला पाठ आहे.

विंगेत आल्यावर ते शालीची घडी घालत उभे राहिले. काठाला काठ जुळवून, दुकानातल्यासारखी. मी थांबले. नाच कसा झाला, हे मी कुणालाच विचारत नाही, त्यांनाही विचारलं नाही.

"हात दुखला का?" ते म्हणाले.

"लई."

त्यांनी मान हलवली. "उद्या जास्त दुखंल. तेल लावून ठेव आत्ताच."

दुसऱ्या दिवशी खरंच जास्त दुखला. सकाळी चहाचा कप मी डाव्या हातानं उचलला. अप्पांनी ते पाहिलं, उठले आणि दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकताना आत्याला म्हणाले, "तिला आज काही उचलायला सांगू नको. तिनं काल धरलं हाय."