गार्लंड टीगचा खिसा

गार्लंड टीग चालायला लागला की आधी त्याचा उजवा हात चालायचा. दोन पावलं टाकली की हात पँटीच्या उजव्या खिशावर, थाप. दारातून आत शिरला की थाप. कुणी हाक मारली की वळायच्या आधी थाप. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या त्या हॅस्केट गावात नुकत्याच उतरलेल्या पाहुण्यालाही कळायचं की या गृहस्थाच्या उजव्या खिशात पिस्तूल आहे. आणि गार्लंडची ठाम समजूत अशी, की हे गुपित फक्त त्याला, देवाला आणि बंदुकीच्या दुकानवाल्या हर्शेलला ठाऊक आहे.

"छुपं म्हणजे छुपं," तो म्हणायचा. म्हणतानाच थाप.

जन्मभर त्यानं गाद्या विकल्या. स्प्रिंगच्या, फोमच्या, पाठदुखीवाल्यांच्या. मग दुकान विकून घरी बसला आणि घरी बसल्या बसल्या त्याला शोध लागला की जग फार धोक्याचं आहे. त्या दिवसापासून किराण्याच्या दुकानात दुधाच्या कपाटाला पाठ लावून उभं राहणं सुरू झालं. हॉटेलात जेवायला गेले की दाराकडे तोंड करून हा बसणार, समोर बायको नेल्डा. गेली कित्येक वर्षं त्या बिचारीनं बाहेर जेवताना भिंतीखेरीज काही पाहिलेलं नव्हतं.

"तुला कळत नाही नेल्डा, दारावर नजर लागते."

"दारावर नजर आहे, पण बाही ग्रेव्हीत आहे," नेल्डा म्हणायची.

पण गार्लंडचा खरा थाट पाहायचा तो रविवारी. बेथेल बाप्टिस्ट चर्चच्या सुरक्षा पथकाचा तो प्रमुख. पथकात पाच जण. कानात प्रत्येकाच्या एक यंत्र, त्यातून निघालेली पिळदार वायर कॉलरीत गेलेली. आत प्रार्थना चालू असली की हे बाहेरच्या बोळातून फेऱ्या मारणार, आणि गार्लंड मनगटाशी तोंड नेऊन घोगऱ्या आवाजात बोलणार, "मागचं दार, मागचं दार. सगळं शांत. ऐकू येतंय का?"

"येतंय गार्लंड. मी तुझ्या शेजारीच उभा आहे."

नऊ वर्षांत या पथकासमोर एकच संकट आलं. चर्चमध्ये एक वटवाघूळ शिरलं. गार्लंडनं "सगळे खाली वाका!" अशी आरोळी ठोकली, म्हाताऱ्या बाया बाकांखाली गेल्या, त्यातल्या एकीला पुन्हा वर काढायला तिघे लागले, आणि वटवाघूळ ज्या खिडकीतून आलं होतं त्याच खिडकीतून निघून गेलं. गार्लंड त्याला "ती घटना" म्हणतो. "ती घटना घडली तेव्हा मी डोकं शांत ठेवलं," असं म्हणतो.

तर असा हा माणूस, आणि त्याचं दुःख एकच. पँट.

त्याच्याकडे एक मोठं पिस्तूल होतं. चांगलं दणकट, हाताला सवयीचं, आणि त्याच्यावर त्याचा नेमही बऱ्यापैकी लागायचा. पण ते कमरेला लावायचं तर वर शर्ट बाहेर सोडायला हवा. टीग घराण्यातला पुरुष देवाच्या घरात शर्ट बाहेर सोडून जात नाही! खोचलेल्या शर्टाखाली ते कसंबसं दडपायचं, तर दारात उभ्यानं भजनाला हात वर केले की शर्टही वर, आणि पिस्तूल सगळ्या भाविकांना दर्शन द्यायचं. उन्हाळ्यात कोट घालायची सोय नाही. म्हणून मग खिशातलं पिस्तूल. छोटं. चपटं. हलकं. कुणाला दिसणार नाही असं.

आणि ते निवडणं म्हणजे गार्लंडचा दुसरा धर्म. सासरी पाठवायच्या मुलीला स्थळं बघावीत तशी तो पिस्तुलं बघायचा आणि प्रत्येक वेळी "आता हेच शेवटचं" म्हणून घरी आणायचा. पलंगाशेजारच्या खणात तशी शेवटची चार पडली होती. एक जाड निघालं. एकाचा घोडा खिशाच्या शिवणीत अडकायचा. एकाची मूठ बोटांना पुरेना. चौथ्याला काय झालं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण काहीतरी झालं होतं.

पाचव्यासाठी तो हर्शेलच्या दुकानात गेला तो रविवारची पँट हँगरला लावून. मागच्या कोठारात, शिकारीच्या जॅकेटांच्या आड जाऊन त्यानं ती चढवली आणि आरशासमोर येऊन उभा राहिला.

"हे बघ," काउंटरवर एवढुसं काळं पिस्तूल ठेवत हर्शेल म्हणाला. हर्शेलचा आवाज गिऱ्हाइकागणिक बदलायचा, गार्लंडसाठी तो डॉक्टरसारखा हळू व्हायचा. "ठेवलंय हे विसरशील, इतकं हलकं."

"विसरला तर नेल्डा धुऊन इस्त्री करेल," कॉफीच्या मशीनपाशी ठिय्या मारलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला.

गार्लंडनं ते खिशात सोडलं. बसला. उठला. बुटाची नाडी बांधून पाहिली. आरशाकडे पाठ करून मान मागे वळवली. "कुठं फुगीर वाटतंय?"

"वाटतंय," म्हातारा म्हणाला, "पण ते पोट आहे."

"एक चामड्याची खोळ देतो," हर्शेल म्हणाला. "आत ती असू दे. चाप झाकलेला राहतो. आणि हे बघ, त्या खिशात दुसरं काही ठेवू नकोस. किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही."

"खोळ घातली की आकार दिसतो. मग तुझ्या चपट्याचा उपयोग काय?"

"आणि त्या पेपरमिंटच्या गोळ्या?"

"त्या असतातच," गार्लंड म्हणाला, जणू त्या जन्मतः खिशात होत्या.

तेवढ्यात ट्विला हॅग्लर काडतुसांचा डबा घ्यायला आली. ही शाळेची बस चालवायची, आणि पथकातली एकुलती एक बाई. तिनं गार्लंडला पायापासून वर पाहिलं.

"झाडून बघितलंस का रे ते?"

गार्लंडनं सुस्कारा टाकला. बायकांना समजावताना तो नेहमी आधी सुस्कारा टाकायचा. "ट्विला, हे झाडायचं पिस्तूल नाही. हे बाळगायचं पिस्तूल आहे."

हसण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलं नाही, हीच तर खरी गंमत. हॅस्केटमधले निम्मे पुरुष असेच होते. शनिवारी मैदानावर जाऊन मोठ्यानं ठो ठो करायचं, कागदाच्या छातीत भोकं पाडायची, एकमेकांच्या पाठी थोपटायच्या. आणि रविवारी खिशात घालायचं ते दुसरंच, कधी एक गोळीही न उडवलेलं. दरवर्षीची पथकाची परीक्षासुद्धा गार्लंडनं मोठ्या पिस्तुलावर मारून नेलेली. कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं ते नव्या पास्टरनं. पास्टर कोल्बी, वय असेल तिशीचं, आवाज मधासारखा. बुधवारच्या जेवणात लोक दुसऱ्यांदा वाढून घेत असताना तो उठला आणि म्हणाला, "पथकातल्या बंधुभगिनींनो, विमेवाल्यांचं एक म्हणणं आलंय, आणि मला ते पटलंय. या शनिवारी परीक्षा. रविवारी जे अंगावर असतं तेच आणायचं. कपडेही रविवारचेच. जिथून काढता तिथूनच काढायचं. पाचातल्या चार गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात हव्यात. ज्याला जमणार नाही त्यानं कानातलं यंत्र माझ्याकडे द्यायचं. पुन्हा संधी ख्रिसमसनंतर."

गार्लंडचा काटा तोंडापाशी थांबला. कानातलं यंत्र! ते काढलं तर उरलं काय? दुकान विकलेला एक गादीवाला. बोळात फेऱ्या मारताना लोक त्याच्याकडे बघून मान हलवायचे, ती मान आता कुणाकडे हलणार?

"मैदानावर जा आणि दहा-वीस गोळ्या झाडून ये," घरी आल्यावर नेल्डा म्हणाली.

"हात बसलेला आहे माझा."

"त्याच्यावर?"

"पिस्तूल ते पिस्तूल, नेल्डा. ज्याला गाडी चालवता येते त्याला ट्रकही येतो."

म्हणजे तो गेला नाही. का गेला नाही ते नेल्डाला ठाऊक होतं. मैदानावर सगळे बघतात. त्याऐवजी त्यानं पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, न्हाणीघराचं दार लावलं आणि आरशातल्या दरोडेखोराला सामोरा गेला. बाहेर नेल्डाला नुसते आवाज येत होते. "थांब तिथंच!" मग कापड फाटल्यासारखं काहीतरी. मग साबणाची बशी फुटली.

"दरोडेखोर गेला का?" तिनं विचारलं.

"मी सराव करतोय!"

"बशी चिनीमातीची होती, गार्लंड. त्याला सांग."

शनिवारी हर्शेलच्या दुकानामागच्या जुन्या खाणीत सगळे जमले. कडक ऊन, धूळ, आणि त्यात पाच माणसं चर्चच्या कपड्यांत. जणू कुणाला पुरायलाच आली होती. नेल्डा ट्रकच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून बसली. तिघे पुरुष पास झाले, त्यातला एक जेमतेम. मग ट्विला. फुलाफुलांचा स्कर्ट, खांद्याला पिशवी. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून तिनं एक जुनं, जाडजूड रिव्हॉल्व्हर काढलं, पाच बार केले, चार आत, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायली.

"जड वाटत नाही का गं ते?" गार्लंडनं दयेनं विचारलं.

"वाटतं की."

मग गार्लंड पुढे झाला. पाय फाकवले. मान डावीकडे, मान उजवीकडे. बोटं हवेत वाजवली. "खिशातून काढण्याचं तंत्र असं असतं मंडळी—"

"ब्रदर गार्लंड, केव्हाही," पास्टर म्हणाला.

हात खिशात गेला. पिस्तूल मुठीत आलं. आणि मूठ बाहेर येईना. हात उघडा आत गेला होता, मिटलेली मूठ बाहेर यायला खिशाला तेवढं तोंड नव्हतं. गार्लंडनं हिसका दिला. पँट वर आली. दुसरा हिसका दिला. पँट आणखी वर आली आणि काळे मोजे दिसले.

"बोट चापावर नको!" हर्शेल ओरडला. आता त्याच्या आवाजात डॉक्टर नव्हता.

तिसऱ्या हिसक्याला सगळं एकदम बाहेर आलं: मूठ, पिस्तूल, खिशाचं पांढरं अस्तर सशाच्या कानासारखं लोंबत, आणि धुळीत पडलेल्या तीन पेपरमिंट.

त्यानं नेम धरला. बार झाला.

आता हलक्या पिस्तुलाची गोष्ट अशी, की ते धक्का स्वतःकडे ठेवत नाही, सगळा धरणाऱ्याला देतं. गार्लंडला वाटलं कुणीतरी तळहातावर हातोडी मारली. गोळी वर्तुळाच्या काठाला चाटून गेली. दुसऱ्या गोळीच्या वेळी, चाप ओढायच्या आधीच, त्याचे डोळे मिटले. सगळ्यांनी पाहिलं. ती शेजारच्या निशाण्याच्या फळीच्या लाकडी पायात शिरली. तिसऱ्या वेळी नुसतं 'खट्ट'. वरचा सरकता भाग अर्ध्यात अडकलेला, आणि फटीतून पेपरमिंटच्या कागदाचा एक चकाकता तुकडा डोकावतोय.

"नळी खाली. खाली ठेव. हां." हर्शेलनं येऊन ते त्याच्या हातातून घेतलं. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोलून रक्त आलं होतं.

कुणी हसलं नाही. खोकले मात्र पुष्कळ आले.

"गोळ्या खराब आहेत," गार्लंड म्हणाला.

"ब्रदर," पास्टर कोल्बी हळूच म्हणाला, "तुमचं मोठं पिस्तूल ट्रकमध्ये आहे ना? ते लावा कमरेला. शर्ट बाहेर सोडा. पाच गोळ्या मारा, आणि दर रविवारी तेच लावीन एवढा शब्द द्या. मला चालेल. सगळे इथंच आहेत."

इतकं सोपं होतं. खुर्चीतून नेल्डासुद्धा अर्धी उठली. "काढ तो शर्ट बाहेर, गार्लंड. देवानं तुझं पोट पाहिलेलं आहे."

गार्लंडचा हात खरोखर पट्ट्याकडे गेला. शर्टाचं एक टोक त्यानं चिमटीत धरलंही. मग त्यानं समोर पाहिलं. चार माणसं, पास्टर, बायको, सगळी त्याच्या कमरेकडे बघत होती. चिमूट सुटली.

"एक मिनिट," तो म्हणाला. "हर्शेल, त्या डाव्या कपाटात ते एक होतं ना, गुळगुळीत मुठीचं? जरा रुंद खिशाची पँट असली तर..."

"गार्लंड, आत्ता?"

"एकच मिनिट!"

आणि तो दुकानात गेला. खरंच गेला. हर्शेल गिऱ्हाईक सोडणारा नव्हता, तोही मागोमाग गेला. बाहेर सगळे उन्हात उभे राहिले. पास्टरनं घाम पुसला. एकानं खुर्च्यांचं विचारलं. दुकानाच्या मागच्या खिडकीतून आरशासमोर बसणारा, उठणारा, वाकून नाडी बांधणारा गार्लंड स्वच्छ दिसत होता. ट्विलानं फळ्या उचलून व्हॅनमध्ये टाकल्या. शेवटी पास्टर नेल्डापाशी आला, तेव्हा तो काही बोलायच्या आतच तिनं ट्रकच्या कप्प्यातून पिळदार वायरीचं यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"हे घ्या. प्रमुख ट्विलाच बरी," ती म्हणाली. "तिला आरसा लागत नाही."

गार्लंड बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर नवं तेज होतं आणि खाणीत कुणी नव्हतं. फक्त ट्रक चालू होता आणि स्टिअरिंगवर नेल्डा.

"गेले?"

"गेले."

"पण मला सापडलं होतं!"

"बस आत. हात दुमडून ठेव, सीटला रक्त लागेल."

गिरणी गेली, पेट्रोल पंप गेला. चर्चचा पांढरा मनोरा दिसायला लागला तसा गार्लंडनं घसा खाकरला. आवाज घोगरा नव्हता, नुसता बारीक होता.

"मग उद्या मी कुठं थांबायचं?"

"थांबायचं कशाला? माझ्याशेजारी बस. नऊ वर्षं तिथं माझी पर्स बसते. तिला सांगते उठायला."

गार्लंडनं मान हलवली. मनोरा मागे पडला. मग त्यानं विचारलं, "तू बसतेस कोणत्या रांगेत?"

नेल्डा ट्रक चालवत होती म्हणून तो वाचला.